त्रिकोण बंद का होत नाही?

प्रोग्रामिंग शिकू पाहणाऱ्या मुलाला सगळ्यात आधी काय द्यावं, असं कुणी विचारलं तर मी पडद्यावरचं कासव सुचवेन. पुढे जा आणि उजवीकडे वळ, एवढ्या दोन आज्ञा त्याच्यासाठी पुरतात. १९६७ मध्ये सीमोर पेपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फॉयरझाइग यांनी अमेरिकेत मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा तयार केली. कासव पुढे तिच्यातच आलं, आणि आज ते पायथन या संगणकभाषेसोबत फुकट मिळतं. चौकोन मुलांना पटकन जमतो: शंभर पावलं पुढे, ९० अंश उजवीकडे, असं चार वेळा. मग त्रिकोणाची पाळी येते. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, हे पाठ असतं, म्हणून मूल ६० लिहितं. कासव तीन बाजू काढून थांबतं आणि आकृती उघडीच राहते. आतला कोन कासवाला ठाऊकच नसतो. आपण किती वळलो एवढंच ते जाणतं, आणि त्रिकोणाच्या टोकाशी त्याला १२० अंश वळावं लागतं. गंमत अशी, की तेच ६० अंश सहा वेळा चालवले तर षटकोन पुरा होतो. चुकलेल्या उत्तरात दुसऱ्याच प्रश्नाचं बरोबर उत्तर सापडतं. तिथून पंचकोन फार लांब नाही: पूर्ण फेरी ३६० अंशांची, तिचे पाच वाटे केले की ७२. त्याच्या दुप्पट, म्हणजे १४४ अंश वळवलं की पाच टोकांची चांदणी! हे सूत्र कुणी फळ्यावर लिहून द्यावं लागत नाही.

अशा छोट्या खेळांनी विषय गोड लागतो, हे खरं; पण माझ्या लेखी ते दुय्यम आहे. उत्तर बरोबर की चूक, हे ठरवण्याचा अधिकार इथे मुलाकडे येतो, आणि गडचिरोलीतल्या एटापल्लीसारख्या तालुक्यात या अधिकाराची किंमत फार मोठी आहे. तिथल्या अनेक मुलांची घरची बोली माडिया. ती द्रविड कुळातली, आणि शाळा मात्र मराठीत. वर्गात मूल अडलं तर ते गणितात अडलं की मराठीत, हे गुरुजींना कळत नाही आणि मुलालाही सांगता येत नाही. मग गप्प बसणं हाच सुरक्षित मार्ग ठरतो, आणि त्या गप्प बसण्याला आपण ‘मूल कच्चं आहे’ असं नाव देऊन मोकळे होतो. हा अन्याय आहे. उघडा राहिलेला त्रिकोण मात्र सगळ्यांना सारखाच उघडा दिसतो. माडिया न येणाऱ्या शिक्षकालाही मुलाने लिहिलेल्या चार ओळी वाचून त्याने काय विचार केला ते नेमकं कळतं.

यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप खुद्द संशोधनातून आला आहे. रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी १९८४ मध्ये लोगो शिकलेल्या मुलांची नियोजनक्षमता तपासली, तेव्हा इतर मुलांपेक्षा ती सरस आढळली नाही. पेरूमध्ये खेड्यापाड्यांतल्या शाळांना लॅपटॉप वाटले गेले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गणित आणि भाषेच्या गुणांवर त्याचा परिणाम दिसला नाही. हे निष्कर्ष मी मान्य करते. यंत्र हाती दिलं की बुद्धी आपोआप तल्लख होते, हा दावा टिकत नाही. पण याच्याच जोडीला शॅरन कार्व्हर आणि डेव्हिड क्लाहर यांचं काम ठेवायला हवं. त्यांनी मुलांना चूक शोधण्याची रीत मुद्दाम शिकवली: हवं होतं काय, झालं काय, फरक कुठे पडला, तो कुठल्या ओळीमुळे पडला असेल. ही मुलं संगणकाबाहेर, कागदावरच्या सूचनांमधल्या चुकाही अधिक चांगल्या शोधू लागली. म्हणजे कासवाच्या शेजारी हे प्रश्न विचारणारा माणूस हवा. खर्च करायचाच तर आधी त्याच्या तयारीवर करावा, असं माझं ठाम मत आहे.

वीज आणि इंटरनेटची अडचण खरी आहे, पण वाटते तेवढी आडवी येत नाही. पायथन आणि स्क्रॅच या दोन्ही संगणकभाषा इंटरनेटशिवाय चालतात. कितीतरी कोडी तर संगणकाशिवायही खेळता येतात. १ ते १०० मधली मनात धरलेली संख्या ‘लहान की मोठी’ विचारत सात अंदाजांत हमखास ओळखता येते, कारण दर वेळी उरलेल्या संख्या निम्म्या होतात आणि एकाची सात वेळा दुप्पट केली की १२८ होतात. इंग्रजीच्या भीतीचंही तसंच. सुरुवातीला लागणारे इंग्रजी शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि पायथनमध्ये आपण रचलेल्या कृतीला देवनागरीत नाव देता येतं, मग ते मराठी असो की माडिया.

‘खेळ झाला, पुढे काय?’ असं पालक विचारतात. रास्त प्रश्न आहे. उन्हाळ्यात या भागातली कुटुंबं तेंदूपत्ता तोडतात. पानांचे पुडे बांधून फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून देतात, आणि मजुरी शेकड्याच्या दराने ठरते. कासवावर हात बसलेल्या मुलाला आठ-दहा ओळींत हा हिशेब मांडता येतो. त्यात एक सापळा आहे. पायथनमध्ये भागाकाराचं चिन्ह एकदा लिहिलं तर २५० पुड्यांचे अडीच शेकडे होतात. दोनदा लिहिलं तर दोनच, आणि ५० पुड्यांची मजुरी बुडते. आईच्या नोंदीशी ताडून पाहणाऱ्या मुलाला ती बुडालेली मजुरी लगेच दिसेल. आता असा प्रोग्राम कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात लिहून देते, मग शिकायचं कशाला, हा नवा आक्षेप. तिने दोन चिन्हं लिहिली असतील तर? गडचिरोलीत ग्रामसभा स्वतः तेंदूचे लिलाव करतात, रक्कम आपल्या खात्यात घेतात आणि मजुरी वाटतात. त्यांचा हिशेब उद्या मोबाइलवर येईल तेव्हा तो उघडून, कुठल्या ओळीत काय केलंय हे विचारू शकणारी मुलं त्याच गावातली असावीत.