ओवी गाणारीचं नाव

तिरुवलंचुळी, कुंभकोणम

प्रिय मुक्ता,

तुझ्या अल्बमच्या श्रेयनामावलीचा मसुदा वाचला. शब्द पारंपरिक, संगीतापुढे तुमच्या संयोजकाचं नाव. पण ज्या बायकांनी माईकसमोर बसून ओव्या गायल्या, त्यांचा उल्लेख कुठेच नाही. हे मला फार लागलं, म्हणून लगेच लिहिते आहे.

इथे श्वेतविनायकाच्या गावात राहून जे कर्नाटक संगीत कानावर पडतं, त्यात रचनाकार गाण्यातच भेटतो. दीक्षितरांची मुद्रा, म्हणजे गाण्यात गुंफलेली सही, 'गुरुगुह', श्यामा शास्त्रींची 'श्यामकृष्ण'. आपल्या अभंगांत तुका, नामा, जनी असतात तसंच. जिथे अशी मुद्रा टिकत नाही, तिथे माणूस पुसला जातो. तंजावरच्या लावणी वेंकटरावांनी ७२ मेळकर्ता रागांसाठी काव्य रचलं, महावैद्यनाथ अय्यरांनी त्याला संगीत दिलं. पुढे अय्यरांनी त्याच रागांत स्वतःच संस्कृतात शिवस्तुती रचली. आज गायली जाते ती तीच मेळरागमालिका. वेंकटराव अभ्यासकांपुरते उरले.

ओवीला तर मुद्राच नाही. आईकडून आलेली ओवी लेकीने दळताना वाढवली, सासरी नेली, सुनेला दिली. तिचा एकच कर्ता कसा सापडणार? गाणारी मात्र समोर असते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या ओव्या गाणारीच्या आणि तिच्या गावाच्या नावासह ऐकायला मिळतात. एवढ्या मोठ्या संग्रहाला हे जमलं, तर तुझ्या अल्बमला का जमू नये?

पैशाचंही बोलते. रचनाकाराचा कॉपीराइट त्याच्यानंतर ६० वर्षं चालतो. पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओवीला ते माप लागत नाही. पण सादर करणाऱ्याचा हक्क वेगळा. तो ५० वर्षांचा आहे, आणि कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरात त्याला रॉयल्टीही दिली आहे. त्या बायकांचा आवाज तू विकणार आहेस, तेव्हा त्यात त्यांचा वाटा आहे. संयोजकाने नवे वाद्यमेळ बांधले, त्याचं श्रेय त्याला 'संगीत संयोजन' म्हणून जरूर दे. चाल त्याची नाही.

अल्बम येण्याआधी त्यांच्या गावी जा. मराठीत करार करून मोठ्याने वाचून दाखव, वाटा किती ते सगळ्यांसमोर ठरव. आणि आपलं नाव माहेरचं छापायचं की सासरचं, हे ज्या त्या बाईलाच विचार.

तुझी,
मावशी