सोंडेवाला किडा

श्रावणात माझ्या अंथरुणावर बारीक काळसर किडे फिरू लागले. आई म्हणाली, "ढेकूण झाले! मामाच्या गावाहून तूच आणलेस." मला रडूच आले. आजी म्हणाली, "अगं, ढेकूण चपटा असतो. हा तसा नाही दिसत."

मी दोन किडे काडेपेटीत घालून शाळेत नेले. बाईंनी भिंग दिले. बघते तर काय, किड्याला हत्तीसारखी सोंड! पाठीवर चार तांबूस ठिपके. बाई म्हणाल्या, "हा सोंडकिडा. हा माणसाचे रक्त पीत नाही. याची मादी दाण्यात अंडे घालते आणि अळी आतून दाणा खाते. घरात धान्य कुठे आहे?"

मला एकदम आठवले. माझ्या उशापाशीच उतरंड आहे. तिच्यात अण्णांनी पेरायचा शाळू ठेवला होता. घरी जाऊन मडके उघडले, तर दाण्यांना भोकेच भोके! मूठभर दाणे पाण्यात टाकले. बरेच वर तरंगले. ते आतून पोकळ होते.

अण्णा म्हणाले, "हे पेरले असते तर रान मोकळेच राहिले असते." त्यांनी दुसरे बियाणे आणले. आई म्हणाली, "उगीच बोलले गं तुला."

मित्रांनो, किडा दिसला की लगेच चिरडू नका. आधी नीट बघा.

– इयत्ता चौथी