लाल कोंबड्याच्या पक्षाचा देश

अक्रा ही घाना देशाची राजधानी. समुद्राच्या काठाने तेथे हाय स्ट्रीट नावाचा रस्ता जातो. त्या रस्त्यालगत पूर्वी गोऱ्या साहेबांचे पोलो खेळण्याचे मैदान होते. त्याच मैदानावर ६ मार्च १९५७ रोजी, मध्यरात्रीच्या ठोक्याला, क्वामे एन्क्रुमा यांनी देश स्वतंत्र झाल्याचे जाहीर केले. आज तेथे त्यांचे स्मारक आहे. संगमरवरी समाधी, कारंजी, शिंगे फुंकणाऱ्या वादकांच्या मूर्ती आणि हिरवळीवर फिरणारे मोर. आमचा पुतण्या जवळच्या तेमा बंदरात लोखंडाच्या कारखान्यात फिटर आहे. त्याच्याकडे आम्ही उभयता गेलो होतो. पहिल्याच रविवारी त्याने आम्हाला येथे आणले.

समाधीपेक्षा आम्ही अधिक वेळ थांबलो ते एका मोडक्या पुतळ्यापाशी. धडावर मुंडके नाही, हातही तुटलेले. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी एन्क्रुमा परदेशी असताना लष्कराने बंड केले, तेव्हा हा पुतळा फोडला गेला. मुंडके कोणी तरी उचलून नेले, जपून ठेवले आणि २००९ साली परत आणून दिले. ते आता शेजारच्या चौथऱ्यावर ठेवले आहे. पुतळ्याची विटंबना म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. सौ. बराच वेळ तेथून हलेनात.

पुतळा सांभाळला, समाधी बांधली, पण त्यांच्या पक्षाचे काय झाले? आम्ही पुतण्याला हे विचारले तेव्हा तो हसला. म्हणाला, "काका, पक्ष आहे. मते नाहीत."

कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी १९४९ साली स्थापन झाली. निशाणी लाल कोंबडा, मागणी 'स्वराज्य, आत्ताच'. शिकल्या-सवरल्या वकील मंडळींनी या पक्षाच्या पोरांना 'व्हरांडा बॉइज' म्हणून हिणवले, म्हणजे दुसऱ्याच्या पडवीत रात्र काढणारे. पोरांनी तेच नाव मिरवले. बाजारात बसणाऱ्या बायांनी पक्षाला पैसा पुरवला. तुरुंगातून सुटलेले कार्यकर्ते टोपीवर 'पी. जी.' ही अक्षरे लावत. आपल्याकडे पी. जी. म्हणजे पोस्ट ग्रॅज्युएट, त्यांच्याकडे प्रिझन ग्रॅज्युएट! १९५१ साली एन्क्रुमा स्वतः तुरुंगात होते. तेथूनच त्यांनी निवडणूक लढवली आणि अक्रात पडलेल्या २३,१२२ मतांपैकी २२,७८० मते घेतली. इंग्रजांना त्यांना सोडावे लागले.

पुढच्या आठवड्यात आम्ही पश्चिमेकडे निघालो. सेकोंदी-ताकोराडी हे जोडशहर वाटेत लागते. रेल्वे आणि बंदराच्या कामगारांचे हे गाव. याच कामगारांनी पक्षाला खांद्यावर घेतले होते, आणि सप्टेंबर १९६१ मध्ये याच कामगारांनी सरकारच्या अंदाजपत्रकाविरुद्ध संप पुकारला. पगारातून सक्तीची बचत कापली जाणार होती. बाजारातल्या बाया संपकऱ्यांना जेवू घालत होत्या. सतरा दिवसांनी संप मोडला आणि पुढाऱ्यांना अटक झाली. विनाचौकशी डांबून ठेवण्याचा कायदा १९५८ पासून होताच. १९६४ साली तर एकच पक्ष कायदेशीर उरला. आमच्या मते पक्ष खरा तेव्हाच मेला. सत्ता आणि पक्ष एक झाले की शाखा म्हणजे नुसती सरकारी कचेरी होते. म्हणूनच १९६६ साली बंड झाले, तेव्हा लाखो सभासदांचा पक्ष रस्त्यावर दिसला नाही. पक्षावर बंदी आली आणि एन्क्रुमा १९७२ साली परमुलखातच वारले.

यापुढचा भाग वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. १९९२ साली जेरी रॉलिंग्ज यांच्या लष्करी सरकारने पक्षांना परवानगी दिली. त्याच वर्षी अक्रातली ती समाधी बांधून खुली झाली. पण जुन्या बंदी असलेल्या पक्षांची नावे, निशाण्या आणि घोषणा कोणी वापरायच्या नाहीत, असा कायदाही त्याच सरकारने केला. नेत्याला संगमरवर आणि पक्षाला कुलूप!

मग एन्क्रुमांचे अनुयायी वेगवेगळी नावे घेऊन उभे राहिले आणि आपसात विभागले गेले. एक गट हिला लिमन यांचा, एक जनरल एर्स्किन यांचा, एक क्वाबेना डार्को यांचा. चौथा गट तर रॉलिंग्ज यांच्याच बाजूला गेला आणि त्याचे आर्का उपाध्यक्ष झाले. पुढे रॉलिंग्ज यांच्याशी बिनसले, तेव्हा १९९६ साली उपाध्यक्षपदी असतानाच आर्का विरोधी आघाडीतर्फे त्याच पदासाठी लढले. आम्हाला हे सारे ऐकून नवल वाटले नाही. घाना स्वतंत्र झाला त्याच १९५७ साली नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. गट हा शब्द आम्हाला शब्दकोशात पाहावा लागत नाही.

काही तुकडे जुळले. २००० च्या निवडणुकीत जुने नाव मतपत्रिकेवर परत आले. अध्यक्षपदाच्या उमेदवाराला दोन टक्केसुद्धा मते पडली नाहीत आणि संसदेत एक जागा मिळाली. तोवर रॉलिंग्जचा छत्रीवाला पक्ष आणि एन्क्रुमांच्या जुन्या विरोधकांच्या परंपरेतला हत्तीवाला पक्ष, या दोघांनी देश वाटून घेतला होता. (होय, हत्ती तेथे त्यांची निशाणी आहे.) एन्क्रुमांचा फोटो तर आता सर्वांचाच झाला आहे. नाव परत आणणे सोपे, शाखा परत आणणे अवघड. त्यात कायदा सांगतो की दोन-तृतीयांश जिल्ह्यांत पक्षाचे कार्यालय हवे. २०२० साली अध्यक्षपदाच्या अर्जाची फी एक लाख सेडी होती, खासदारकीची दहा हजार. व्हरांड्यातल्या पोरांनी हे कोठून आणायचे?

तरी एकदा कोंबडा आरवला, आणि तो भाग पाहायलाच आम्ही इतके दूर आलो होतो. देशाच्या नैर्ऋत्य टोकाला, आयव्हरी कोस्टच्या सीमेवर जोमोरो मतदारसंघ आहे. नारळाच्या बागा, मच्छीमारांची गावे आणि न्झेमा लोक. एन्क्रुमा याच समाजाचे. त्यांचे जन्मगाव न्क्रोफुल शेजारच्या भागात आहे. त्यांची कन्या सामिया १९६६ च्या बंडात लहान होती. आई फातिया मुलांना घेऊन माहेरी कैरोला गेल्या. सामिया पुढे पत्रकार झाल्या, इटलीत राहिल्या. २००८ साली त्या परतल्या आणि जोमोरोतून छत्रीवाल्यांच्या विद्यमान खासदाराला सुमारे साडेसहा हजार मतांनी हरवून निवडून आल्या. संसदेत पक्षाच्या त्या एकट्याच. २०११ साली पक्षाने त्यांना अध्यक्ष केले. पण त्याच सुमारास पक्षाचे २००८ चे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार एन्डूम बाहेर पडले आणि त्यांनी आपला वेगळा पक्ष काढला. २०१२ साली सामिया हरल्या. त्यानंतर पक्षाचा एकही खासदार निवडून आलेला नाही. २०२० मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी हजारात एक मतही नव्हते. २०२४ साली पक्षाने एका बाईंना उमेदवारी दिली, तरी आकडा एक टक्क्याच्या आतच राहिला.

बेयिन गावात इंग्रजांचा जुना किल्ला आहे. तेथून होडीने तासाभरात न्झुलेझो लागते. हे सबंध गाव तळ्यात खांबांवर उभे आहे. घरे, शाळा, प्रार्थनाघर, सारे पाण्यावर. एका गोगलगाईने वाट दाखवत आपल्या पूर्वजांना दूर उत्तरेतून येथे आणले, असे गावकरी सांगतात. होडी वल्हवणारा माणूस पन्नाशीचा. सौ.नी पुतण्याकरवी त्याला सरळच विचारले, बाबा, मत कोणाला देतोस? त्याने काही आडपडदा ठेवला नाही. आधी छत्री, २००८ ला कोंबडा, मग पुन्हा छत्री, एकदा हत्ती. कोंबड्याला का दिले? बाप आपला होता आणि मुलगी दारी आली होती म्हणून. मग सोडले का? तो वल्हे मारीत थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, निवडणूक झाल्यावर कोंबडेवाला कोणी इकडे फिरकला नाही. छत्रीवाल्याचा माणूस मात्र याच गावात राहतो, कोणी आजारी पडले की होडी तोच मिळवून देतो.