छताखाली

आज कारागीर हॉलच्या छताचं डिझाइन घेऊन आला. मधे पीओपीचा चौकोन, कडेनं पट्टीचे लाइट, टीव्हीमागे पीव्हीसी पॅनेल. धाराशिवात नव्या घरांत सध्या हेच चाललंय. मला आवडलं. आई मात्र एकच विचारत राहिली, "वर किती वजन येतंय रे?"

तिचं माहेर लोहारा तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, आणि पहाटे चारच्या आत भूकंपानं सास्तूर, किल्लारी जमीनदोस्त. माळवदाची घरं ती. मातीत रचलेल्या दोन-दोन फुटी दगडी भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यावर हातभर माती. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी पुन्हा पांढऱ्या मातीचा थर. भर उन्हाळ्यात आत गारवा असायचा. त्याच मातीखाली, दगडांखाली माणसं गेली. उरलेल्या घरांसाठी नंतर सांगितलं गेलं, माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला.

आता दगडी भिंती, कोनाडे शहरांतून पुन्हा फॅशनमध्ये आलेत. मलाही हवेत. पण भिंत आधी काँक्रीटच्या पट्ट्यांनी बांधून घेणार, शोभा त्यानंतर.

कारागिरानं पीओपीचा तुकडा आईच्या हातात दिला. तिनं तो तळव्यावर तोलला, नखानं टोकरला, बोटांवरची भुकटी पदराला पुसली.

"हलकंय."

मग जरा थांबून म्हणाली, "देवापाशी एक कोनाडा कर. पणती मावंल एवढा."