डॉक्टरांना खरं सांगा

प्रिय शुभा,

"दादाला वेड लागलं का गं?" हा तुझा मेसेज वाचला. तिकडे मेलबर्नला तुझ्या जिवाला घोर लागलाय, म्हणून फोनवर घाईघाईत न बोलता नीट लिहिते. त्याला वेड लागलेलं नाही. हे दारूचं आहे, आणि वेळेवर उपचार मिळाले तर यातून बहुतेक माणसं बाहेर येतात.

परवा ड्यूटी संपल्यावर मी त्याला बघून आले. पाय प्लास्टरमध्ये, आणि दादा पलंगावर बसून दोन्ही हातांनी हवेत स्टिअरिंग फिरवतोय. मधूनच क्लीनरला हाक मारतो. मला म्हणाला, "ताई, बाजूला व्हा, खंबाटकीत जाम लागलाय." ओळखलंच नाही मला! डॉक्टरांनी रिकामी चिमूट पुढे केली आणि म्हणाले, "हा दोरा धर." त्यानं तो नसलेला दोरा धरला आणि बोटाला गुंडाळत बसला. अंग घामानं निथळतंय, हात थरथरतायत, नाडी धावतेय. आम्ही नर्स याला डीटी म्हणतो, पूर्ण नाव डिलिरियम ट्रेमेन्स.

काकूंचं म्हणणं, त्या पलंगावर आधी कुणीतरी गेलं, त्याचीच बाधा झाली. "घरून आणला तेव्हा चांगला बोलत होता, इथं तिसऱ्या दिवशी बिघडला." शुभा, खरी गोम त्या तिसऱ्या दिवसातच आहे. दारू मेंदूला गुंगीत ठेवते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्या गुंगीला पुरून उरायला जास्त जोरानं चालायला लागतो. दारू एकदम तुटली की तो जोर मोकळा सुटतो आणि शेवटच्या पेगनंतर साधारण ४८ ते ९६ तासांत हे असं होतं. श्रावण पाळायचा म्हणून एका दिवसात सोडणाऱ्यांचं होतं, २०२० च्या लॉकडाउनमध्ये दुकानं बंद झाली तेव्हाही झालं. दादाची अपघातामुळे तुटली.

मला वाईट वाटतं ते लपवाछपवीचं. ॲडमिट करताना डॉक्टरांनी विचारलं, पितो का? काकू म्हणाल्या, "सणासुदीला थोडी." रोजच्या तीन क्वार्टर होत्या गं! तेव्हाच कळलं असतं तर लोराझेपामसारखं औषध पहिल्या दिवसापासून मिळालं असतं. शिवाय थायमिन, म्हणजे बी-वन, ग्लुकोजच्या आधी द्यावं लागतं. ते अंगात नसताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊन स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आणि उपचार झाले नाहीत तर डीटीत माणूस दगावू शकतो.

आणखी एक गोष्ट वहिनीनं मला जिन्यात गाठून सांगितली. दिवाळीपासून दादाला आवाज ऐकू यायचे. शेजारचे आपल्याला शिव्या देतात, आपल्यावर टपलेत. पण वार-तारीख बरोबर सांगायचा, ट्रकवर जायचा, म्हणून घरच्यांना वाटलं स्वभाव संशयी झालाय. मग संशय तिच्यावर आला. तिचा मोबाइल तपासायचा, एका रात्री कोयता घेऊन उठला. ती पोरांना घेऊन माहेरी गेली होती, हे तुला कुणी सांगितलंच नसेल.

हा डीटीहून वेगळा प्रकार. माणूस पुरता शुद्धीवर असतो आणि तरी भास होतात. दारू बंद राहिली तर बहुतेकांचे आवाज काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत थांबतात. थोड्यांचे राहतात, त्यांना मानसोपचाराची औषधं लागतात. पुन्हा प्यायला लागलं की ते परत येऊ शकतात. म्हणून दिवाळीपासूनचं सगळं, कोयत्यासकट, डॉक्टरांच्या कानावर जायलाच हवं.

काकू त्याला माळ घालायची म्हणतायत. जरूर घालू दे, माळेच्या धाकानं सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. पण आधी इथले उपचार पुरे होऊ देत, मग व्यसनमुक्ती केंद्र. पुण्यात अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे, तिथं मी चौकशी करते. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर वहिनीला दे. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, आणि तिलाही कुणाशी तरी बोलायची गरज आहे.

काकू उद्याच डिस्चार्ज मागायच्या बेतात आहेत. माझं त्या ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. आजच फोन कर आणि सांग, त्याला घरी नेऊ नका आणि डॉक्टर विचारतील ते सगळं खरं सांगा.

तुझीच,
मंदा