जुनी मोटार आणि चार प्रमाणें

जुनी वस्तु विकत घेणें हें आपल्या घरांतून फारसें प्रतिष्ठेचें मानलें जात नाहीं. पण मोटारीची गोष्ट निराळी आहे. नवी मोटार दुकानाबाहेर पडली कीं त्याच दिवसापासून तिची किंमत उतरूं लागते, आणि ही उतरण पहिल्या तीनचार वर्षांत सर्वांत अधिक असते. ती ज्यानें सोसली त्याच्याकडून गाडी घेण्यांत कमीपणा तो कसला? घेणारा मात्र डोळस असला पाहिजे.

आमचें मलकापूर म्हणजे कऱ्हाडाला खेटून, पुणें-बंगळूर महामार्गावर वसलेलें. घरांत लहानथोर मिळून नऊ माणसें. आमच्या वडील बंधूंना हृदयाच्या तपासणीसाठीं दर दोन महिन्यांनीं पुण्यास न्यावें लागतें. अंतर सुमारें १६० किलोमीटर. एस. टी. ची पायरी त्यांना चढवत नाहीं, आणि रात्रींअपरात्रीं दम लागला तर कोणाचें दार ठोठवावें या विवंचनेनें वहिनींना झोंप येत नसे. हाताशीं तीन लाखांची एक ठेव होती. पण नातीच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठीं राखलेली पुंजीही तीच. पुतण्या म्हणाला, “काका, हप्त्यानें नवीच घेऊं. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे.” त्याचें म्हणणें खोटें नव्हतें, पण कर उतरला तरी हप्ता कांहीं उतरून शून्य होत नाहीं. शेवटीं वहिनींनींच निकाल दिला. “भावोजी, गाडी हवी. पण पोरीच्या नांवाचे निदान चाळीस हजार शिल्लक राहिले पाहिजेत.” म्हणजे गाडी, तिची डागडुजी, विमा व सरकारी शुल्क हें सारें दोन लाख साठ हजारांत बसवावयाचें होतें.

उभा जन्म आम्हीं मुलांना संस्कृत शिकविण्यांत घालविला. यंत्रविद्येशीं आमचा संबंध सायकलीच्या साखळीपुरताच. परंतु ज्ञान खरें कीं खोटें हें ओळखण्याचीं चार साधनें न्यायशास्त्रानें सांगून ठेविलीं आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. मोटार पारखतांना हीं चारही आमच्या उपयोगीं पडलीं, म्हणून त्याच क्रमानें सांगतों.

पहिलें प्रत्यक्ष. गाडी दिवसाउजेडीं पाहावी, दिव्याखालीं किंवा नुकती धुतलेली असतां पाहूं नये. इंजिन थंड असतांना जावें; मालकानें अगोदरच सुरू करून ठेविलें असेल तर दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें, कारण सकाळीं पहिल्यांदा सुरू होतांनाच इंजिन आपली व्यथा बोलून दाखवितें. दारें व बॉनेट यांच्या फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत ना, रंगाची छटा एकाच भागावर वेगळी तर नाहीं ना, हें पाहावें. तेथें अपघाताची कहाणी दडलेली असते. टायरच्या बाजूवर चार आंकडे असतात. २३१९ असे असले तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत बनला असें समजावें. ओगलेवाडीची कंदिलाची कांच आणतांना आमचे वडील ती नखानें वाजवून घेत; तीच सवय येथें ठेवावी.

दुसरें अनुमान. पर्वतावर धूर दिसला कीं अग्नीचें अनुमान करावें, हा धडा तर्काच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. मोटारीचा धूरही असाच बोलका आहे. निळसर धूर म्हणजे इंजिन तेल जाळतें आहे. पेट्रोल गाडीचा काळा धूर म्हणजे इंधन प्रमाणाबाहेर जातें आहे. आणि इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर थंडाव्याचें पाणी आंत झिरपतें आहे. कांटा तीस हजार किलोमीटर दाखवीत असेल, पण पायांखालच्या पट्ट्यांचें रबर गुळगुळीत झालें असेल, तर कांट्यापेक्षां रबरावर विश्वास ठेवावा.

याच प्रमाणानें आमचें मोठें नुकसान टाळलें. एका विक्रेत्याकडे २०१७ सालची रुपेरी डिझेल गाडी आम्हीं पाहिली. दिसण्यांत देखणी, आणि किंमत बाजारभावापेक्षां साठ हजारांनीं कमी. पुतण्या हरखून गेला. परंतु दार उघडतांच सुगंधी द्रव्याचा असा भपकारा आला कीं आमच्या मनांत शंका उभी राहिली. आम्हीं आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढिला. आंतल्या वितभर भागावर मातकट रेघ होती. आसनाखालचे खिळे गंजलेले होते, आणि पुढील दिव्याच्या कांचेंत दमट धुकें होतें. गाडी सांगलीकडची. ऑगस्ट २०१९ मध्यें आणि पुन्हां जुलै २०२१ मध्यें कृष्णाकांठानें जो महापूर पाहिला, तो येथें कोणाला आठवत नाहीं? अनुमान सरळ होतें: ही गाडी पाण्यांत उभी राहिलेली आहे. विचारल्यावर विक्रेता म्हणाला, “गुरुजी, आतां चालते ना झकास!” चालत होती खरी. पण पुराचें पाणी तारांच्या सांध्यांत गंज पेरून जातें, आणि तें पीक कित्येक महिन्यांनीं उगवतें. हृदयरोग्याला घेऊन खंबाटकीच्या घाटांत ती बंद पडली असती तर साठ हजारांची बचत काय कामाची? पुरांत ज्यांचें सर्वस्व गेलें त्यांनीं गाडी विकूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पण सांगून विकावी, आणि घेणारानें तशा किंमतीला जाणूनबुजून घ्यावी.

तिसरें उपमान, म्हणजे सादृश्यावरून ओळख. जी गाडी घ्यावयाची त्याच जातीची, चांगली राखलेली एखादी गाडी ओळखीच्या घरून मागून एकदां चालवून पाहावी. मग दुसरी चालवितांना स्टिअरिंगचा ओढा, क्लचचा जडपणा, खड्ड्यांतला खडखडाट यांतलें अंतर आपोआप कळतें. खर्चाचेंही असेंच. वर्षाला ७,२०० किलोमीटर धरा. पेट्रोल गाडी लिटरला १८ किलोमीटर गेली तर ४०० लिटर. १०५ रुपये दरानें ४२,००० रुपये. डिझेल गाडी २० गेली तर ३६० लिटर. ९२ रुपये दरानें ३३,१२० रुपये. बचत नऊ हजारांच्याही आंत! डिझेलच्या इंजेक्टरची एक दुरुस्ती ती गिळून टाकते. ज्याला रोज दूर जावयाचें त्यानें डिझेलचा विचार करावा. आमच्यासारख्यांनीं करूं नये. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बहुतेक पेट्रोल गाड्या दहा टक्के इथेनॉलच्या हिशेबानें बनलेल्या आहेत, आणि पंपावर आतां वीस टक्क्यांचें मिश्रण मिळतें. इथेनॉल आपल्याच उसाचें, म्हणून अभिमान जरूर असावा. पण गाडीच्या रबरी नळ्या कारागिराकडून तपासून घ्याव्या, आणि लिटरमागें थोडें कमी अंतर धरून चालावें.

चौथें शब्द. पण शब्द कोणाचा? आप्ताचा, म्हणजे जो यथार्थ जाणतो व यथार्थ बोलतो त्याचा. विक्रेता यथार्थ जाणतो, पण बोलेलच असें नाहीं. मित्र बोलतो, पण जाणत नाहीं. म्हणून विक्रेत्याशीं संबंध नसलेल्या मेस्त्रीला मेहनताना देऊन संगें न्यावें. त्याहून मोठा आप्त म्हणजे कागद. नोंदणीपुस्तकावरील इंजिन व चासीचे क्रमांक गाडीवर ताडून पाहावे. बँकेचा बोजा असेल तर तो फिटल्याचा नमुना ३५ मागावा. मालकीबदलासाठीं नमुने २९ व ३० लागतात. परप्रांतीं नोंदलेली गाडी असेल तर तेथील ना-हरकत दाखला आणि येथला कर हीं दोन्हीं लक्षांत घ्यावीं. थकलेले दंड परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर दिसतात. विमा चौदा दिवसांच्या आंत आपल्या नांवें करण्यास अर्ज द्यावा, आणि जुन्या मालकाची दावा न केल्याबद्दलची सूट आपल्याला मिळत नाहीं हेंही जाणून असावें. विकणारानेंही गाफील राहूं नये. नोंद ज्याच्या नांवें, अपघाताची भरपाई त्याच्या माथीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिलेला आहे.

या चार गाळण्यांतून सहा गाड्या गळून पडल्या. सातवी उतरली: २०१५ सालची पेट्रोल वॅगन-आर, एकहाती, कऱ्हाडच्या एम. एच. ५० क्रमांकाची, सर्व्हिसच्या पावत्या ओळीनें लावून ठेविलेली. रंग फिकट, एका दारावर ओरखडा; पण आसन उंच असल्यानें बंधूंना आंत बसतांना वाकावें लागत नाहीं. गाडी दोन लाख पंधरा हजारांस ठरली. दोन टायर, बॅटरी, विमा व शुल्क मिळून आणखी एकतीस हजार लागले. नातीसाठीं चौपन्न हजार उरले. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे २०३० सालीं तपासणी करून ती पुढील पांच वर्षांसाठीं वाढवावी लागेल, त्याचीही तजवीज वहींत आजच मांडली आहे.

गाडीची एक वही घरांत असावी, असें आमचें सर्वांना सांगणें आहे. तेल केव्हां बदललें, टायर केव्हां घातले, पेट्रोल किती गेलें, सारें तारीखवार लिहावें. पुढें ती गाडी विकावयाची वेळ आली कीं हीच वही पुढील घराला आप्तवाक्य होईल. आपणांस जशी प्रामाणिक गाडी मिळावी असें वाटतें, तशी ती दुसऱ्यास देणें हेंही गृहस्थाचें कर्तव्यच आहे.