टोपलीवाली झान

अ‍ॅटलासमध्ये फ्रान्सचं पान उघडा. डाव्या बाजूला समुद्रात नाक खुपसून बसलेला एक भाग दिसेल. तो ब्रिटनी. त्याच्या वरच्या कडेला सां मालो हे बंदर आहे आणि तिथून साधारण पंधरा किलोमीटरवर कांकाल हे कोळ्यांचं गाव. कालवांसाठी प्रसिद्ध! कोकणात बायका ओहोटीला खडकांवर कालवं काढायला जातात ना, तसंच. पण इथली भरती भलतीच दांडगी. मोठ्या उधाणाला पाणी बारा-तेरा मीटर चढतं, म्हणजे चार मजली इमारतीएवढं!

असा समुद्र पोटाला देतो, तसा माणसंही नेतो. १७९२ साली कांकालमध्ये एका बैठ्या दगडी घरात झान झ्युगाँ जन्मली. ती चार वर्षांचीही नव्हती, तेव्हा मासेमारीला गेलेले तिचे वडील परत आलेच नाहीत. झाननं लहानपणी गुरं राखली, सोळाव्या वर्षी एका वाड्यात स्वयंपाकघरात कामाला लागली. पुढे सां मालोला लागूनच असलेल्या सां सेर्वां गावात तिनं इस्पितळात काम केलं, लोकांची धुणीभांडी केली.

दर्यावर्दी लोकांच्या त्या गावात म्हाताऱ्या विधवा पुष्कळ. नवरा समुद्रानं नेलेला, पेन्शन वगैरे काही नाही, हातपाय थकलेले. मग करायचं काय? भीक मागायची. १८३९ च्या थंडीत झाननं अशीच एक आजी घरी आणली. आंधळी आणि अर्धांगवायू झालेली. जागा कुठे होती? माळ्यासकट दोन खोल्या, तीही भाड्याची! झाननं आपली खाट आजीला दिली आणि स्वतः माळ्यावर झोपू लागली. तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. थोड्या दिवसांनी दुसरी आजी आली, मग तिसरी. दोन वर्षांत बारा जणी झाल्या आणि मोठी जागा घ्यावी लागली.

आता खरी अडचण ऐका. या आज्यांना भीक मागायची इतकी सवय, की त्या पुन्हा रस्त्यावर जात. काहींना दारूचंही व्यसन होतं. झाननं त्यांना भाषण दिलं नाही. तुम्ही कुठल्या कुठल्या घरी जाता ते मला सांगा, तुमच्याऐवजी मी जाते, असं म्हणून तिनं हातात टोपली घेतली! शिळा पाव, जुने कपडे, चार पैसे, मिळेल ते. एकदा कुणीतरी तिला थप्पड मारली, तेव्हा ती म्हणाली, ही माझ्यासाठी झाली, आता माझ्या म्हाताऱ्यांसाठी काहीतरी द्या, असं सांगतात. (अशी गोष्ट आणखीही काही थोर माणसांच्या नावावर तुम्ही ऐकली असेल. पण दारोदार फिरणाऱ्याला असले अनुभव येतच असणार.)

१८४५ मध्ये फ्रेंच अकादमीनं तिला तीन हजार फ्रँकचं बक्षीस दिलं. झानबरोबरच्या बायकांचा संघ वाढत गेला. त्याचं नाव ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’, म्हणजे गरिबांच्या धाकट्या बहिणी. या सिस्टर्स समुद्र ओलांडून १८५१ ला लंडनला गेल्या, १८६८ ला अमेरिकेत ब्रुकलिनला आणि १८८२ ला थेट कोलकात्याला! मदर तेरेसांचं नाव तुम्हाला माहीत आहेच. डिसेंबर १९४८ मध्ये त्यांनी कोलकात्याच्या वस्त्यांत काम सुरू केलं, तेव्हा त्यांना राहायला जागा दिली ती याच सिस्टर्सनी, आपल्या वृद्धाश्रमात.

आणि झान? तिचं काय झालं, हे मला सगळ्यात चटका लावणारं वाटतं. संघाला मार्गदर्शन करणाऱ्या एका धर्मगुरूनं १८४३ मध्येच तिला प्रमुखपदावरून दूर केलं. पुढे तर संघ आपणच स्थापन केला, असं तो सांगू लागला. १८५२ मध्ये तिचं टोपली घेऊन फिरणंही बंद झालं. रेन शहराजवळ सां पेर्न इथे संघाचं मोठं केंद्र झालं, तिथे नव्यानं आलेल्या मुलींमध्ये ती राहू लागली. काठी टेकत फिरणारी ही म्हातारी कोण, हे त्या मुलींना ठाऊकही नव्हतं! फक्त १८६५ साली तिला मुद्दाम बैठकीत बोलावलं. कायम उत्पन्न देणारी देणगी घ्यावी का, असा प्रश्न होता. झान म्हणाली, नको. रोजचं रोज मागून आणू. तेच ठरलं.

१८७९ च्या ऑगस्टमध्ये, शहाऐंशीव्या वर्षी ती गेली, तेव्हा संघात सुमारे २४०० सिस्टर्स होत्या. १८९० मध्ये त्या धर्मगुरूला पदावरून काढलं आणि हळूहळू खरी हकिगत बाहेर आली. २००९ साली रोममध्ये झानला संतपद मिळालं. कांकालचं तिचं ते दगडी घर अजून आहे. लोक ते पाहायला जातात.